विम्याची रुई

रुईचा व्यापारी शेषराव याच्या लेकीचं, शकुनचं लग्न झालं ते साल अठराशे त्रेसष्टचं. त्या वैशाखात रुईचा भाव एवढा चढला होता की वरातीच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, आणि अमरावतीत कुणी त्याकडं नवल म्हणून वळूनसुद्धा पाहिलं नाही. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडकला होता, म्हणून आपल्या काळ्या मातीतलं बोंड सोन्याच्या मोलानं जात होतं.

मांडव उतरला तशी शेषरावनं ओसरीवरची एक खोली रिकामी केली, तिच्यात लोखंडी पेटी ठेवली आणि किल्ली थोरल्या बहिणीच्या हाती दिली. ही मैनाबाई. तिशीत नवरा गेला तेव्हापासून ती भावाकडंच राहत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दिलेला शब्द तिनं कधी मागं घेतला नव्हता. गाडीवान शेषरावपेक्षा तिलाच जास्त मानत.

"ही तुही पेढी, बाई," शेषराव म्हणाला.

"कायची पेढी? मी का आता रुई विकू?"

"विम्याची. आपल्या गाड्या अकोल्याले जातात. वाटेत माल लुटला, जळला तर भरून द्याची हमी तो विमेवाला घेते, अन् गाडीमागं तीन रुपये मोजून घेते. दोन वर्षांत आपलं बोंडभर नुकसान झालं नाही. त्याचा मात्र दुमजली वाडा झाला. आता तेच तीन रुपये तुह्या पेटीत टाकीन. काही झालं तर तुह्या पेटीतून घेईन."

"म्हंजे या खिशातले त्या खिशात."

"दोन खिसे असले म्हंजे एक फाटला तरी दुसरा राहते."

मैनाबाईला हे पटलं. तिनं त्यात आपलं एक कलम घातलं. गाडीवानांचे बैलही विम्यात घ्यायचे. खेपेमागं गाडीवानानं चार आणे द्यायचे, आणि बैल दगावले तर पेढीनं नवी जोडी घेऊन द्यायची. कागद तिच्या नावानं झाला, तिनं अंगठा उठवला. मग गाडीवानांना अंगणात बोलावून तिनं तोंडीही तेच सांगितलं. त्यांना कागदापेक्षा ते बरं वाटलं.

गाडीवानांचा म्होरक्या ताहेर. एक जोडी त्याची, एक धाकट्या भावाची, शफीची. चार आणे ठेवताना ताहेर दर खेपेला कुरकुरायचा.

"मावशी, एखादा बैल तरी मरू द्या आता. पैसे फुकट चालले."

"बैलावर काहून उठला? बायकोले विचारू का, नवरा मेला तर किती घेशीन म्हणून?"

"वहिनी तर वरून चार आणे देईन," शफी मागून म्हणायचा, आणि सगळं अंगण हसायचं.

पौषापर्यंत पेटी गळ्यापर्यंत भरली. शेषराव एका सकाळी पेटीशेजारी येऊन बसला.

"बाई, रुपया आत निजून राहिला अन् बाहेर रुई चढून राहिली. या पैशाची रुई घेऊन ठेवतो. गरज पडली की विकू. दीडपट येईन."

"आपल्या मालापासून दूर ठेवजो. एक घर पेटलं तर दुसऱ्या घरून पाणी आणता आलं पाहिजे."

"अकोल्याले वखार घेतो भाड्यानं. इथून चार मुक्काम. अजून किती दूर पाहिजे तुले?"

मैनाबाईनं कमरेची किल्ली काढून दिली.

चैत्रात शेषरावच्या बावीस गाड्या भरून निघाल्या. आठव्या दिवशी सकाळी मैनाबाई अंगणात सांडगे घालत असताना ताहेर आला. पायी आला. त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत जळालेली होती.

"गाड्या कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"जळल्या."

"किती?"

"बावीसच्या बावीस. अकरा जोड्या आमी सोडवल्या, अकरा गेल्या. शफी बैल सोडायले आत गेला होता. भाजला. अकोल्याले हकिमाकडं ठेवला."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "शफीचं सारं मी पाहीन. बैलाचा घोर नको करू. विम्याची रुई हाय अकोल्याले. आजच विकाले माणूस धाडू."



"मावशी, तुमाले कोणी सांगतलं नाही?"

"काय?"

"आग त्याच वखारीतून निघाली. गाड्या आमी तिच्याच आवारात सोडल्या होत्या. मालक म्हणाले, आपली भाड्याची जागा असताना दुसरीकडं पैसे काहून द्याचे?"

"पण ती रुई तर वेगळी ठेवली होती."

"बोजे ओले होते. वजन भराले विकणाऱ्यानं पाणी मारलं होतं. भाव पळून राहिला होता, कोणी बोजा उकलून पाहिला नाही. ओली रुई दाबून भरली की आतून तापते. शफीनं सकाळी बोज्यात हात घातला होता. म्हणे, भाऊ, इथं रोटी शेकता येईन. आमी हसलो. दुपारी वखारवाल्यानं दार सताड उघडलं, अन् वारा लागल्याबरोबर भडका बाहेर आला. विमाच पेटला, मावशी. त्यानंच गाड्या जाळल्या."

"पण ती तर वेगळी ठेवली होती," मैनाबाई पुन्हा म्हणाली. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा तेच म्हणाली. ऐकलेलं तिच्या आत उतरतच नव्हतं. हातावरचं सांडग्याचं पीठ वाळून पांढरं पडलं तरी ती उठली नाही.

शेषरावला खबर आदल्या दिवशीच लागली होती. तो आपल्या बैठकीत बसून होता. ती दारात उभी राहिली.

"अकरा जोड्यांचे पैसे काढ."

"कुठून? पेढीचा माल पेढीच्या वखारीत जळला."

"मंग दुकानातून काढ."

"दुकानाचा काय संबंध? कागदावर पेढी तुही हाय, बाई. हमी तुही. खरं पाहिलं तर माह्या बावीस गाड्यांचा मालही तुह्याकडंच निंघते. मी मागत नाही, हे समज."

तो आवाज चढवून बोलला नाही. बाजारचा भाव सांगावा तसं त्यानं सांगितलं. मैनाबाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याच्या तोंडाकडं ती कुणी परका माणूस पाहावा तशी पाहत राहिली. अंगठा घेताना यानं हे धरून ठेवलं होतं, की आताच सुचलं, हे तिला विचारायचं होतं. दोन्हींपैकी कोणतं उत्तर कमी वाईट, ते तिला ठरवता येईना. तिनं विचारलं नाही.

दर्यापूरकडं नवऱ्याच्या वाट्याचं बारा एकर शेत तिच्या नावावर होतं. म्हातारपणाचा तेवढाच आधार. शेतीला तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असायचं. पंधरा दिवसांत ते विकलं गेलं. बैलही दुपटीनं महाग झाले होते, तरी अकरा जोड्या आल्या. ताहेर म्हणाला, "मावशी, शफी तर गेला, त्याची जोडी राहू द्या."

"चार आणे त्यानंही दिले होते," ती म्हणाली, आणि कासरा शफीच्या बायकोच्या, अकीलाच्या हातात दिला. त्यानंतर ती भावाच्या घरी जेवली नाही. ताहेरच्या शेजारी एक खोली घेऊन राहिली.

शफी आगीनंतर नवव्या दिवशी, अठराशे चौसष्टच्या चैत्रात, अकोल्यात वारला. मैनाबाई एकोणसत्तरच्या पावसाळ्यात पटकीनं वारली. शेषराव अठराशे ऐंशी साली वारला.