सहाव्या सामन्याची दाढी

आमच्या हेझलब्रे गावात मार्च महिन्यात पुरुषांच्या तोंडाकडे पाहिलं की बर्फावरच्या हॉकीचं काय चाललंय ते कळतं. बाद फेरी सुरू झाली की पोरं दाढी करणं सोडतात. हरले तर करायची, चषक जिंकला तर करायची, मधे वस्तऱ्याला हात लावायचा नाही. प्रेक्षकांतले बापेही वाढवतात. बायका कुरकुरतात, पण ऐकतंय कोण!

हा नियम माझ्या बापाइतका कडक कुणी पाळला नसेल. बाबांचं वय अठ्ठ्याऐंशी. गाव त्यांना डिडो म्हणायचं, आम्हा युक्रेनियन लोकांत आजोबांना म्हणतात तसं. तरुणपणी ते हॅरियर्सकडून, म्हणजे आमच्या गावच्या संघाकडून खेळले. एका वर्षी अंतिम सामन्याआधी त्यांचा गोलरक्षक लॉर्न मॅकव्हिटी बहिणीच्या लग्नासाठी गुळगुळीत दाढी करून आला आणि संघ हरला. झालं! बाबांनी जन्मभर त्याच्याशी अबोला धरला. लॉर्न समोरून आला की रस्ता ओलांडायचे. तो वारला तेव्हा मात्र चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसले. मी म्हटलं, "शेवटी विरघळलात ना?"

"डोंबल!" बाबा म्हणाले. "पेटीत तरी दाढी ठेवलीय का, ते बघायला आलो. नव्हती."

असा माणूस. त्याच्या तोडीचा एकच भेटला, केटन डर्क्स. हॅरियर्स हा ज्युनियर संघ, कोवळ्या पोरांचा; ती लांबलांबून येतात, त्यांना गावातली घरंच सांभाळतात. केटन चार हिवाळे माझ्या तळघरातल्या खोलीत राहिला. डझनभर अंडी एका सकाळी फस्त करायचा आणि वर विचारायचा, "काकू, नाश्ता कधी?" दर रविवारी वृद्धाश्रमात जाऊन बाबांच्या शिव्या खायचा. बाबांना ऐकू येत नसे, त्यामुळे शिव्या आख्ख्या मजल्याला ऐकू जायच्या. "म्हशीसारखा वळतोस बर्फावर!" केटन हसायचा आणि प्रशिक्षकांची ती छोटी पांढरी पाटी, रिंकच्या म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या रेघा आखलेली, पुढे करायचा. मग दोघं तिच्यावर बाण काढत बसायचे.

केटन आता कर्णधार होता आणि हे त्याचं शेवटचं वर्ष. ज्युनियरमध्ये वय संपलं की संपलं. एखाद्याला कॉलेजचा संघ उचलतो, बाकीचे धान्याचे ट्रक चालवायला जातात. केटनला कुणी उचललेला नव्हता. त्याच्याजवळ होता तो एवढा एक चषक, तोही अजून हातात न आलेला.

कॅरिक गावाशी अंतिम फेरी, सातांपैकी पाच सामने झालेले, तीन आमचे. चार जिंकेल त्याचा चषक. सहावा शनिवारी, आमच्याच रिंकवर. तिकिटं संपली होती. गुरुवारी सगळं बंद झालं. साथ म्हणे. शाळा बंद, चर्च बंद, रिंकला कुलूप.

बंद करा हो, कोण नाही म्हणतंय? पण धड बंद तरी करा! लीगवाल्यांचा दर सोमवारी एकच निरोप, "मोसम थांबवला आहे, संपवलेला नाही." संपवला म्हटलं की तिकिटांचे पैसे परत द्यावे लागतात, जाहिरातदार पळतात. म्हणून ती पोरं ताटकळत ठेवली. आमच्या रिंकवाल्यानं बर्फ वितळू दिला नाही. आणि पोरांनी दाढ्या वाढवल्या. ना हरलेत, ना जिंकलेत, करणार काय? एप्रिल आला तरी गावात सगळे साधू. शेन नावाच्या एकानं मैत्रिणीपायी दाढी केली, तर सगळ्यांनी मिळून त्याला फोनवरच्या गटातून हाकलला. केटनची दाढी म्हणजे मक्याच्या कणसाची शेंडी, पण रोज आरशासमोर उभा राहून कुरवाळायचा. शनिवार आला की संध्याकाळी आपले स्केट्स धार लावून दाराशी ठेवायचा. मला बघवत नसे.

आणि मग साथ वृद्धाश्रमात शिरली.

आम्हाला आत सोडणं तर आधीच बंद होतं. मी खिडकीबाहेर बर्फात उभी राहायची आणि बाबा आतून हातवारे करायचे, म्हणजे आत ये. येऊ कशी? फोन त्यांना ऐकू येत नाही. चिठ्ठी काचेला लावली तर त्यांचा चष्मा कुणीतरी कुठेतरी ठेवलेला. तिथली निम्मी कामाची माणसं आजारी पडून घरी बसली. मारिव्हिक म्हणून तिथली मुख्य नर्स होती, फिलिपिन्सची, हाडाची कष्टाळू. तिचा एका दुपारी फोन आला.

"डिडोंना ताप चढलाय. श्वास बरा नाही. मी एकटी वीस जणांकडे बघतेय, ताई. जवळ बसायलासुद्धा कुणी नाही. कुणी धडधाकट पोरगं असेल तर पाठव, आज कामावर घेते. फक्त चेहरा साफ हवा. दाढीवर तो मास्क घट्ट बसत नाही, बाजूनं हवा शिरते. दाढीवाल्याला मी दारातून आत घेणार नाही."

मी फोन ठेवला. केटन स्वयंपाकघरातच होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. दाढीवर हात ठेवून उभा.

"काकू, सामना रद्द नाही झालाय," तो म्हणाला. "पुढे ढकललाय."

"माहीत आहे रे."

"सोमवारी कदाचित तारीख सांगतील. मी कर्णधार आहे. मीच काढली तर... डिडोच मला म्हणाले होते, लॉर्नसारखं वागलास तर थोबाड दाखवू नकोस."

"ते मरतायत, केटन." मी ओरडलेच. "माझा बाप तिथे एकटा मरतोय आणि मला आत जाता येत नाही! माझं वय साठीच्या पुढचं, दम्याची मी, मला घेत नाहीत. तुला घेतील. कुणीतरी त्यांचा हात धर रे. माझ्या वतीनं धर."

तो न्हाणीघरात गेला. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आला तेव्हा हनुवटीला कापलेलं आणि चेहरा आठवीतल्या मुलासारखा. पहिल्यांदा आला होता त्याहून लहान दिसत होता. मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीवरून जाकीट घेतलं, पाटी काखेत मारली आणि गेला.

पहाटे बाबा गेले. केटन सकाळी आला, नाकावर मास्कचे वळ उठलेले. मी विचारलं, "काही बोलले का?"

"नाही. शांत झोपले होते."

त्याच दिवशी दुपारी लीगचा निरोप आला. सोमवारसुद्धा नव्हता. मोसम संपला, या वर्षी विजेता कुणीही नाही. पडद्यावर टाय लावलेला एक माणूस सांगत होता, "आमच्या दृष्टीनं आरोग्य सर्वांत महत्त्वाचं." जळलं मेलं त्याचं आरोग्य! हेच काल सांगितलं असतं तर त्या पोरानं हक्कानं दाढी केली असती. चारचौघांसारखी, संघाबरोबर, हरलेल्या माणसासारखी का होईना. त्याला गद्दारासारखं आरशासमोर उभं राहावं लागलं नसतं. एका दिवसानं काय बिघडलं असतं यांचं?

दफनाला दहाच माणसांना परवानगी होती. संघातली पोरं दफनभूमीबाहेरच्या रस्त्यावर आपापल्या ट्रकांत बसून होती, सगळ्यांचे गाल कोरे. गावाला वाटलं, सगळ्यांनी एकाच दिवशी काढल्या. केटननं आदल्या दिवशी काढली हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंही नाही.

उन्हाळ्यात मोठ्या लीगवाल्यांनी खेळ सुरू केला. खेळाडूंना म्हणे हॉटेलांत कोंडलं, रोज तपासणी, रोज नवे मास्क. इकडे मारिव्हिक एकच मास्क दिवसभर वापरत होती! पण त्यांचा चषक झालाच पाहिजे. तो झाला, सप्टेंबर संपता संपता. केटन तेव्हा पलीकडच्या शेतांवर कापणीचे ट्रक चालवत होता. त्या संध्याकाळी सामान न्यायला आला आणि टीव्हीसमोर थबकला. रिकाम्या रिंकमध्ये भल्यामोठ्या दाढ्यांचे बापे चषक डोक्यावर घेऊन फिरत होते. टाळ्या वाजवायला कुत्रं नव्हतं.

"उद्या करतील दाढ्या," केटन म्हणाला.

"करतील मेले."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, मी खोटं बोललो. डिडो जागे होते."

मी टीव्ही बंद केला.

"तोंडावर मास्क, वर ती चेहऱ्यासमोरची प्लास्टिकची काच. पण त्यांनी मला भुवईवरच्या खुणेवरून ओळखलं. हात वर केला, काचेखालून बोट घातलं आणि मास्कच्या कडेला गालावरून फिरवलं. दाढी नाही बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, 'हरलात?' मी पाटीवर मोठ्या आकड्यांत लिहिलं, चार-दोन. खाली लिहिलं, जिंकलो. नाकाला चिकटवून त्यांनी वाचलं. म्हणाले, 'शेवटचा कुणी मारला?' मी छातीवर बोट ठेवलं. 'रिकाम्या जाळीत? त्यांचा गोलरक्षक बाहेर काढल्यावर?' मी मान डोलावली. म्हणाले, 'तो काय गोल झाला!' आणि हसले, काकू. खोकत खोकत हसले. माझा हात सोडेनात."

"मग?" मला पुढचं विचारवत नव्हतं, तरी विचारलं.

केटननं बाहीनं नाक पुसलं.

"मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं त्यांनी. तेवढेच दिसत होते ना. म्हणाले, 'जिंकलास ना? मग रडतोस कशाला, गाढवा?'"