डावीकडचा गायक

पुरुषोत्तम दाबक्यांचा डावा कान गेला तो होळीच्या सुमारास, आणि गेल्याचं त्यांना कळलं दोन दिवसांनी. यात निष्काळजीपणा नव्हता. डाव्या बाजूने त्यांच्याशी बोलणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको सुवर्णा, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. सोफ्यावर ती डावीकडे, जेवायच्या टेबलाशी डावीकडे, पलंगावर डावीकडे. गाडीत तेवढी उजवीकडे, तीही अमेरिकन सरकारच्या आग्रहामुळे. ती गेल्यापासून डावा कान तसा बेकारच होता. बेकार माणूस एक दिवस कामावर आला नाही, तर कुणाच्या लक्षात येतं?

लक्षात आलं ते एका रेकॉर्डमुळे. टिन आल्डरमेन नावाच्या, साठच्या दशकातल्या इंग्लिश रॉक बँडच्या 'हार्बर स्ट्रीट' या अल्बमची नवी, घासूनपुसून काढलेली स्टीरिओ आवृत्ती बाजारात आली होती. दाबक्यांनी ती मागवली, हेडफोन चढवले, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत उघडले. ड्रम होते, बेस होता, टाळ्या होत्या. गायक नव्हता. दाबके तसेच उठले आणि इंटरनेटवरच्या रेकॉर्डवेड्यांच्या अड्ड्यावर त्यांनी एक जळजळीत परीक्षण लिहिलं. शीर्षक होतं, 'गायकाचा खून'. तासाभरात ओहायोहून कुणा सज्जनाचं उत्तर आलं: सर, हेडफोन उलटा घालून बघा.

दाबक्यांनी हेडफोन उलटा घातला. गायक जिवंत झाला, ड्रमवाला मेला.

फिनिक्सजवळच्या चँडलरच्या कॉम्प्युटर-चिप कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं: दोष नेमका कुठे आहे ते शोधणं. दोष रेकॉर्डमध्ये असता, तर हेडफोन फिरवून गायक परत आला नसता. दोष हेडफोनमध्ये नाही, वायरमध्ये नाही, अँप्लिफायरमध्ये नाही. उरला एकच भाग, आणि तो बदलून मिळत नाही. काही आठवडे टाळाटाळ करून ते डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, जास्त गोड शब्दांत. लगेच आला असतात तर काही करता आलं असतं, म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरातले सगळे बिझी असतात," दाबके म्हणाले.

परीक्षण त्यांनी काढून टाकलं. कानाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. मुलगा निमिष सांता क्लाराला. त्याला कळलं असतं, तर त्याने लगेच, "बाबा, दॅट्स इट, यू आर मूव्हिंग इन विथ अस," म्हटलं असतं आणि गॅरेजवरची खोली रंगवायला घेतली असती. पण खरी भीती निमिषची नव्हती. खरी भीती होती अरुण वैरागड्यांची.

एके काळी चँडलरमध्ये मराठी मंडळींचा एक श्रवण-कट्टा होता. बाकीचं मंडळ गणपतीत आरत्या म्हणत असताना ही सात-आठ जोडपी कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून रॉकच्या जुन्या रेकॉर्ड ऐकायची. म्हणजे नवरे ऐकायचे आणि बायका 'आवाज कमी करा' म्हणायच्या. मग कुणी क्युपर्टिनोला गेलं, कुणाला नातवंडं झाली, कुणाला अध्यात्म झालं. राहता राहिले दोघे: पुण्याचे दाबके आणि नागपूरचे वैरागडे. वैरागडे राहायचे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पिओरियाला. तरी दर दुसऱ्या रविवारी दुपारी ते अख्खं फिनिक्स ओलांडून यायचे. प्रेमाने नव्हे. भांडायला.

भांडण एकच होतं आणि वीस वर्षं चाललं होतं: मोनो, म्हणजे सगळा आवाज एकजीव, की स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा. वैरागड्यांचं म्हणणं, त्या काळी बँडवाले स्वतः बसून, जीव ओतून मोनो तयार करायचे आणि घरी जायचे. मग स्टुडिओत मागे राहिलेला कुणीतरी इसम दुपारच्या चहाआधी स्टीरिओ उरकून टाकायचा. तेव्हा खरं काय ते मोनो. दाबक्यांचं म्हणणं, मोनो म्हणजे चार पाहुणे एकाच खुर्चीत बसवणं. स्टीरिओ म्हणजे पंगत. गायक डावीकडे, ड्रम उजवीकडे, मध्ये वाढायला जागा.

त्यासाठी त्यांनी एक परीक्षा काढली होती. एकाने डोळ्यांवर सुवर्णाची जुनी ओढणी बांधून सोफ्यावर मधोमध बसायचं, दुसऱ्याने तेच गाणं दोन आवृत्त्यांमधून लावायचं. पहिली कुठली, दुसरी कुठली, आणि चांगली कुठली, ते सांगायचं. चुकेल त्याने चहा करायचा. दोघंही कधी चुकत नसत, त्यामुळे चहा सुवर्णाच करायची.

आता दाबक्यांची अडचण अशी होती, की एका कानाला पंगत दिसत नाही. मोनो काय, स्टीरिओ काय, सगळा बँड त्यांच्या उजव्या खांद्यावर येऊन बसायचा. हे कबूल केलं, की वैरागडे जिंकले. आणि वैरागडे जिंकले, की संपलंच. जिंकलेला माणूस भांडायला चाळीस मैल कशाला येईल? दाबक्यांना मेंढीकोट येत नव्हता, अध्यात्म येत नव्हतं, राजकारणावर बोलायचं दोघांनी मागच्या निवडणुकीत बंद केलं होतं. हे भांडण सोडलं तर त्या घरात माणूस यावा असं दुसरं काही शिल्लक नव्हतं. तेव्हा जे ऐकू येत नाही, त्याची बाजू लढवणं भाग होतं. मोठमोठे वकील तेच करतात.

युक्तीही सापडली होती. अँप्लिफायर होता जुना. मोनो रेकॉर्ड लावताना त्याचं एक बटण दाबावं लागे, आणि ते बटण 'टक्' वाजे. एका कानाला 'टक्' पुरेसं होतं. एप्रिल आणि मे त्या 'टक्'वर निभावले.

जूनमधल्या त्या रविवारी बाहेर ऊन असं होतं, की अंगणातल्या निवडुंगानेही मान टाकली होती. वैरागडे दारातूनच ओरडत आत आले. एका हातात बायकोने, विनीतावहिनींनी, दिलेला सांबारवड्यांचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्यांचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी.

"काय बे, पुणेकरा! जिवंत आहेस ना? बेल मारून मारून बोट झिजलं माझं."

"बेल ऐकली. म्हटलं, नागपूरकर आहे, वाट बघू दे जरा."

"आज तुझा निकाल लागते. 'हार्बर स्ट्रीट'. मोनो नवीन काढलंय, स्टीरिओ पण आणलंय. बांध ओढणी."

दाबक्यांनी ओढणी बांधली आणि उजवा कान उगाच खाजवला. मागे पिशवीची खुसपुस झाली, सुई टेकली, गाणं वाजलं. 'टक्' नव्हतं. गाणं संपलं, पुन्हा खुसपुस, आणि मग स्वच्छ, खणखणीत 'टक्'. तेच गाणं पुन्हा वाजलं.

दाबक्यांनी ओढणी सोडली आणि पाय लांब केले. "पहिलं स्टीरिओ, दुसरं मोनो. लहान पोर सांगेल."

"बरं. आणि चांगलं कुठलं?"

"हा प्रश्न आहे? अरे, पहिल्यात दुसऱ्या कडव्याला ती गिटार डावीकडून कशी आली बघ. पडदा सारून यावी तशी! गायक तिकडे लांब उभा, ड्रम इकडे, मध्ये केवढी हवा! आणि तुझं मोनो? बंद लिफ्टमध्ये चार जण अडकलेत आणि एक जण गातोय."

आता वैरागडे उसळायला हवे होते. दर वेळी या ठिकाणी ते उसळत. पुण्याच्या पाण्यापासून सुरुवात करून दाबक्यांच्या पूर्वजांपर्यंत जात. आज ते रेकॉर्ड प्लेयरकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खरंय. तुझंच बरोबर आहे, पुरु. स्टीरिओच चांगलं वाटलं आज."

"काय?"

"मी चहा टाकतो. तू बस."

आणि खरंच त्यांनी चहा टाकला. आल्याचा, दाबक्यांना आवडतो तसा. कप आणून दाबक्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, स्वतः उजवीकडच्या खुर्चीत बसले. निमिषची चौकशी केली, गुडघ्याची चौकशी केली. अर्ध्या तासात निघाले. जाताना खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत वैरागड्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला दाबक्यांनी पाहिला होता तो फक्त सुवर्णाच्या दिवसांना.

दार लागलं. दाबके जिंकले होते. घर इतकं शांत झालं, की फ्रीजसुद्धा संकोचून बंद पडला. त्यांनी एक सांबारवडी खाल्ली. विजयाला चव म्हणून नव्हती.

उन्हं कलल्यावर ते रेकॉर्ड उचलायला गेले. वैरागडे आपल्या रेकॉर्ड मागे ठेवून जात, पुढच्या खेपेपर्यंत ऐकायला. प्लेयरवर 'हार्बर स्ट्रीट' होती, मोनो. शेजारी स्टीरिओचं पाकीट होतं. दाबक्यांनी ते हातात घेतलं. त्यावरचं प्लास्टिक अजून फाडलेलंच नव्हतं.

दोन्ही वेळा मोनो वाजलं होतं. 'टक्' नुसतं ऐकवण्यासाठी वाजवलं होतं.

दाबक्यांनी पाकीट खाली ठेवलं. मग त्यांनी फोन उचलला, उजव्या कानाला लावला.

"बोल पुरु," वैरागडे म्हणाले. मागे विनीतावहिनींचा टीव्ही चालू होता.

"लबाड माणसा. स्टीरिओचं प्लास्टिक तरी फाडायचं होतंस."

तिकडे टीव्ही बंद झाला. "हूं. ते राहिलंच."

"कधीपासून माहीत आहे?"

"पाडव्यापासून. मंडळाच्या कार्यक्रमाला तुला गाडीतून नेलं नाही का? मी ड्राइव्ह करून राहिलो, तू माझ्या उजवीकडे. म्हणजे तुझा डावा कान माझ्याकडे. सगळा रस्ता मी बोलतोय आणि तू खिडकीबाहेर पाहत 'हो ना, हो ना'. माहीत आहे, मी काय म्हणालो होतो?"

"काय?"

"म्हणालो, पुरु, मी हरलो. घरी नवीन स्टीरिओ ऐकलं, तुझंच खरं. वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, बाप्पा! घसा कोरडा पडला माझा. आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"'हो ना, ऊन वाढलंय.'"

दाबक्यांना हसू आलं, पण ते अर्ध्यावर कुठेतरी दुसरंच काही झालं. "मग आज कशाला नाटक केलंस?"

"खात्री करायची होती. तू बटणाचं ऐकतोस असा डाऊट होता. पण तू ती गिटार, तो पडदा, ती हवा सुरू केलंस ना, मग माझ्याच्याने सांगवेना. म्हटलं, जिंकू दे."

"म्हणजे दया. हे बघ अरुण, दया करायला येणार असशील, तर नको येऊस." हे बोलताना त्यांनी फोन घट्ट धरला होता. वैरागड्यांनी 'बरं' म्हटलं असतं, तर पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"दया?" वैरागड्यांचा आवाज चढला. नागपूरचा उन्हाळाच चढला. "अबे, या उन्हात चाळीस मैल दया करायला येऊ? दया करायची तर पिओरियात माणसं कमी आहेत का? शेजारचा म्हातारा आहे, मांजर आहे. आणि पुरु, एका कानाने तू आता जन्मभर मोनोच ऐकणार आहेस. देवाने निकाल दिला. माझ्या बाजूने!"

"तू पाडव्याला हरला होतास."

"साक्षीदार कोण? तू? तुला तर ऐकूच आलं नाही!"

"मूर्खा, आता कबूल केलंस!"

"फोनवरचं धरत नाहीत. पुढच्या खेपेला तोंडावर कबूल करवून दाखव. आणि चहा तू करशील, आज हरलास तू. आलं कमी घाल. आणि ऐक, निमिषला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी नागपुरी इंग्रजीत सांगेन."

"सांगतो," दाबके म्हणाले. "बघतो."

फोन ठेवल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. पुढची खेप म्हणजे दोन आठवडे, आणि दोन आठवडे म्हणजे बऱ्याच दुपारी. दाबक्यांनी मोनो रेकॉर्ड पुन्हा लावली, बटण दाबलं, टक्, आणि सवयीने सोफ्याच्या मधोमध जाऊन बसले. डावीकडे काहीच नव्हतं. आवाज नाही, माणूस नाही.

मग ते उठले आणि डावीकडच्या टोकाला, सुवर्णाच्या जागेवर जाऊन बसले. त्या घरात इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. गादीला तिचा खळगा अजून होता. तिथून सगळी खोली उजवीकडे आली: स्पीकर, खिडकी, वैरागड्यांची खुर्ची, मधली त्यांची स्वतःची रिकामी जागा. गायकही आला. सगळा बँडच आला, एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून.

गाणं चांगलं होतं. जरा मोठं वाजत होतं. 'आवाज कमी करा' असं कुणी म्हणालं नाही. थोडा वेळ वाट पाहून दाबके उठले आणि त्यांनी तो स्वतःच कमी केला.