बॉनेटवरचा हात

"आला! आला! आईचा हात आला!"

धर्मा देसल्याच्या अंगणात दोनशे माणसं एकदम ओरडली आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली. मांडवाखाली काळी कुळकुळीत गाडी उभी होती. धर्मानं महिन्यापूर्वी भाड्यानं चालवायला घेतलेली नवीकोरी गाडी, पण गेले अकरा दिवस ती जागची हलली नव्हती. चाकांना हार, आरशांना हिरव्या बांगड्या, बॉनेटवर झेंडूचा ढीग. तो ढीग बाजूला सारून जलनाथ महाराज तांब्यानं पाणी ओतत होते. बॉनेटवरचं पाणी थेंबाथेंबानं गोळा होऊन खाली पळत होतं. फक्त मधोमध एका जागी ते पळत नव्हतं. तिथं पसरून थांबलं होतं, आणि थांबलेल्या पाण्याचा आकार होता उघड्या पंजाचा. तळवा, मनगटाचा काठ, पाच बोटं. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक तेवढं तुटलेलं.

"बघा नीट!" महाराजांचा आवाज माइकची गरज नसलेला होता. "जलमाता! राक्षसाशी झुंजताना आईचं बोट गेलं, ते पुराणात नाही, कारण पुराण लिहिणारे तेव्हा जन्मले नव्हते!"

"कुठल्या राक्षसाशी, महाराज?" मागून एकानं विचारलं.

"नाव घेतलं की तो जागा होतो. घेऊ?"

"नको, नको!" लोक कानावर हात ठेवून म्हणाले.

महाराजांनी फडकं फिरवलं. हात गुप्त! बॉनेट पुन्हा आरशासारखं. मग खाली परातीत जमलेलं पाणी घ्यायला बाटल्या पुढं आल्या. गुडघेदुखीवाले, मूल न होणारे, सरळगावाहून जीप करून आलेले, मुरबाडहून एसटीनं आलेले.

गर्दीच्या कडेला श्वेता हेल्मेट हातात धरून उभी होती. ही गाडी तिच्या ओळखीची होती. शहापूरला हायवेलगत तिचं छोटं वर्कशॉप होतं; गाडीच्या रंगावर काचेसारखा पातळ, कडक, पाणी पळवणारा थर चढवायचा, सिरॅमिक कोटिंग, हा तिचा धंदा. ठाण्यात सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबून ती हे काम शिकली होती. धर्माच्या गाडीवरचा थर तिनंच चढवला होता. दोन दिवसांपासून तिचा फोन थांबत नव्हता: "मॅडम, ते हातवालं कोटिंग करून द्याल का?" म्हणून ती बघायला आली होती.

पाणी सगळीकडून पळतं आणि एकाच जागी बसतं, याचा अर्थ तिला पहिल्या तांब्यातच कळला. तिथं कोटिंग धरलेलं नव्हतं. काम फसलेलं होतं. तिचं काम.

कोणालाही न सांगता निघून जावं असं तिला वाटलं. तेवढ्यात ओटीवर तिची नजर गेली. गोधडीत गुरफटलेली तेराएक वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. धर्मा तिच्या तोंडाशी पेला धरत होता. मुलीनं डोळे उघडले, तर त्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं.

श्वेता गर्दी चिरत ओटीवर गेली. "धर्माभाऊ, हिला कावीळ झालीय."

"म्हाईत हाय," धर्मा म्हणाला. रात्र रात्र जागून त्याचे डोळे आत गेले होते. "म्हणून तर आई आली. पोरीला, दर्शनाला, ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी गाडी धुताना हात दिसला. दिवसाला तीन टाइम पाजतो."

"दवाखान्यात नेलं?"

"महाराज बोलले, सुई टोचली तर आई रुसंल."

"अहो, बॉनेटवरचं पाणी आहे ते! धूळ, फुलांची घाण, शंभर जणांनी हात बुडवलेली परात..."

"ताई," धर्मानं हात जोडले, पण आवाज कडक केला. "तुमी बुद्धाच्या घरच्या. तुमचा इस्वास नसंल. माझी एकच पोर हाय. जा तुमी."

दर्शनानं तो घोट घेतला आणि लगेच कुशीवर होऊन ओकली.

*

त्या दुपारी श्वेताला वर्कशॉपमध्ये बसवेना. स्पंज उचलला, ठेवला. एका ग्राहकाच्या गाडीचा दरवाजा तिनं दोनदा पुसला आणि तिसऱ्यांदा पुसायला लागली, तेव्हा दारात पांढरी गाडी थांबली. जलनाथ महाराज उतरले. बरोबर कोणी नव्हतं.

त्यांनी दुकानातून चक्कर मारली. कोपऱ्यातल्या गाडीवर बोटांची पाठ फिरवली, मग कलून उजेडात रंगाकडं पाहिलं. श्वेता चमकली. भक्त असं बघत नाहीत, रंगारी बघतात.

"भिवंडीला होतो आठ वर्षं," महाराज हसून म्हणाले. आवाज अगदी साधा, घरगुती. "स्प्रे मारायचो. छातीत भरलं, सोडलं. तुझी चूक मला पहिल्याच दिवशी दिसली, पोरी. शेवटचं पुसणं राहिलं ना?"

श्वेतानं हातातलं फडकं बादलीत टाकलं.

"मी नाही कुणाला सांगत. तू पण नको सांगू. उद्या मी जाहीर करतो, आईनं स्वतः या दुकानाची निवड केली. मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत सगळ्या गाड्या तुझ्या दारात. तुझी चूक झाकली, माझा हात राहिला."

"आणि ती मुलगी?"

महाराजांनी खांदे उडवले. "बरी झाली तर आईची कृपा. नाही झाली, तर बापाची श्रद्धा कमी पडली."

इतकं सहज बोलून ते गाडीत बसले. श्वेता त्यांच्या मागं दारापर्यंत धावली. पण चुकीबद्दल त्यांना खोटं पाडता येत नव्हतं. कारण महाराज खरं बोलले होते. तिला तो दिवस आठवत होता. गाडी पूजा करून आली होती, बॉनेटवर कुंकू माखलेलं. तशा सगळ्याच नव्या गाड्या येतात. तिनं शॅम्पूनं धुतली, कुंकू गेलं. थर चढवण्याआधी सगळा रंग खास स्पिरिटनं पुसायचा असतो. दरवाजे झाले, छत झालं आणि बॉनेटपाशी बाटली संपली. धर्माला संध्याकाळी गाडी हवी होती. बॉनेट स्वच्छ दिसत होतं. 'चालेल,' ती मनाशी म्हणाली होती.

संध्याकाळी नवरा महेंद्र कसाऱ्याहून रेल्वेची ड्युटी संपवून वर्कशॉपवर आला, तर श्वेता भंगारातलं एक काळं बॉनेट घासत बसलेली.

"हात आण इकडं," ती म्हणाली. त्याच्या तळव्याला तिनं तेल-कुंकू फासलं आणि बॉनेटवर दाबला. थर तापवायच्या मोठ्या दिव्याच्या उष्णतेत तो ठसा चांगला वाळू दिला, शॅम्पूनं धुतला. ठसा दिसेनासा झाला. त्यावर थर चढवला आणि दिव्याखाली पक्का केला. सकाळी कडक साबणानं दोन-तीनदा धुऊन तिनं पाणी ओतलं.

महेंद्र बघतच राहिला. "च्यायला! माझा पंजा!"

"कुंकू गेलं तरी तेलाचा पापुद्रा राहतो. डोळ्याला दिसत नाही. त्यावर थर धरत नाही. मग दोन-चार धुण्यांत तेल निघून जातं आणि तेवढी जागा उघडी पडते. उघड्या रंगावर पाणी पसरतं, बाकी ठिकाणी पळतं. बस, एवढाच देव."

महेंद्रनं हात पुसले. "पण हे लोकांत सांगायचं म्हणजे तुला सांगावं लागेल की काम बिघडवलं. कोण देईल मग तुला गाडी?"

"कोणी नाही देणार कदाचित."

"कोणी कबुली मागितलीय का तुझ्याकडं?"

"ती मुलगी ओकली रे माझ्यासमोर," श्वेता म्हणाली आणि तिनं टेम्पोवाल्याला फोन लावला.

*

टेम्पोतून ते भंगार बॉनेट उतरवलं, तेव्हा आरती नुकतीच संपली होती.

"मला बोलायचंय!" श्वेता ओरडली. "या गाडीचं काम मी केलंय. आणि ते चुकलंय. तो हात देवीचा नाही, माझ्या चुकीचा आहे."

कुजबुज उठली. "हाकला हिला," कोणीतरी म्हणालं. महाराज मात्र शांत होते. त्यांनी हात वर करून लोकांना थांबवलं. "बोलू द्या. आईच्या दारात वेडेही येतात."

श्वेतानं वाद घातला नाही. बॉनेटवर बादली ओतली. पाणी पळालं आणि मधोमध पंजा उभा राहिला, जाडजूड, रुंद बोटांचा.

"हा माझ्या नवऱ्याचा हात," ती म्हणाली. "रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन आहे. काल संध्याकाळी ठसा घेतला."

महेंद्रनं ओशाळत हात वर केला. दोघंतिघं हसले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा वाकून पाण्यात बोट फिरवू लागला.

"वा!" महाराज कडाडले. "माणसाचा हात माणूस उमटवील, त्यात काय? आईचा हात बोटावरून ओळखायचा! तुटलेलं बोट आण की!"

श्वेता गडबडली. तेल कळलं होतं, थर कळला होता, पण हात कोणाचा? ते तिनं शोधलंच नव्हतं. लोक परत महाराजांकडं वळू लागले. तिनं धर्माकडं पाहिलं. "भाऊ, गाडीची पूजा कोणी केली होती?"

धर्मानं मान वळवून गोठ्याकडं पाहिलं.

"आजीनं," ओटीवरून बारीक आवाज आला. दर्शना गोधडीतून उठून बसली होती. "आजीनं तेलकुंकवाचा पंजा मारला. बाबाच बोलला, पहिला हात माझ्या आईचा."

"सकुबाई कुठंय?" कोणीतरी विचारलं.

सकुबाई गोठ्याच्या दारात होती. बारा दिवस तिथंच होती. विधवेची सावली आईवर पडू नये, असं महाराजांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि धर्मानं ते ऐकलं होतं. मोतीबिंदूनं धूसर डोळ्यांची ती म्हातारी लांबून नुसता ओरडा ऐकायची आणि हात जोडायची.

श्वेता जाऊन तिला धरून घेऊन आली. "विधवा पुढं येते! अनर्थ होईल!" महाराज ओरडले, पण आता वाट द्यायला लोक आपोआप सरकले. श्वेतानं धर्माच्या गाडीवर तांब्या ओतला. पंजा उमटला. तिनं सकुबाईचा उजवा हात उचलून त्यावर ठेवला.

बोटावर बोट बसलं. तळव्यावर तळवा. करंगळीशेजारचं थोटं बोट नेमकं थोट्या बोटावर.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं वाकून दोन्ही बोटं ताडून पाहिली.

"हे बोट कशानं गेलं, आजी?" श्वेतानं विचारलं.

"कशानं काय गो? भात कापताना इळा लागला. धर्मा तवा पोटात व्हता."

"म्हणजे विळा हाच तो राक्षस," महेंद्र पुटपुटला.

महाराज हरणारे नव्हते. ते धाडकन सकुबाईच्या पायाशी वाकले. "माय! आईनं तुझं रूप घेतलं! लोकहो, ही साक्षात..."

सकुबाईनं पाय मागं घेतला. "मी आई हाय, तं इतके दिवस मला लांब का उभं केलंस? माझ्याच हाताच्या पाया पडत व्हते सगळे, आणि मी गोठ्यात."

तिचा आवाज चढला नाही. पण धर्माला ते सहन झालं नाही. "माझ्या मनात आलं व्हतं एकदा," तो भडाभडा बोलू लागला. "आयेचं बोट बघितल्याबिगर मी मोठा झालो का? पण ह्यो बोलला, शंका आणलीस तं पोरीचा गुण जाईल. मी गप बसलो. मी माझ्या आयेला..."

"ते नंतर," श्वेता म्हणाली. "आधी किल्ली आण."

आरशांवरच्या बांगड्या महेंद्रनं ओढून काढल्या, हार तुटले. बारा दिवसांनी गाडी सुरू झाली. मागच्या सीटवर दर्शना, तिचं डोकं आजीच्या मांडीवर. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातून तिला पुढं मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. सतरा दिवस ती तिथं होती. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी धर्माला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही, पण जलनाथावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात पहिला तोच गेला.

श्वेताचं दुकान महिनाभर ओस पडलं. 'कोटिंग बिघडवणारी' म्हणून नाव झालं. ती धर्माच्या घरी जाऊन बॉनेट पुन्हा घासून, पुसून, नवा थर देऊन आली, पदरमोड करून. दर्शना ओटीवर बसून ऊस खात बघत होती.

"ताई, तुमी गप बसला असता तं कोणाला कळलं असतं का?" धर्मानं विचारलं.

"मला कळलंच होतं," श्वेता म्हणाली. "आणि चूक झाकायला मी एक खोटं चालू दिलं असतं, तर त्या खोट्यावर त्यानं देऊळ बांधलं असतं."

धर्मानं दर्शनाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आमी अडाणी, ताई."

"अडाणी नाही हो. घाबरलेले होता. पोर आजारी पडली की कोणीही घाबरतं, मी पण घाबरले असते. पण घाबरलेल्या माणसानंच आधी विचारायला हवं. काही अजब दिसलं तर हात जोडायच्या आधी विचारा, हे आणखी कशानं होऊ शकतं? करून बघा. दुसऱ्याला करायला लावा. जो म्हणेल विचारू नको, शंका घेऊ नको, डॉक्टरकडं जाऊ नको, त्याच्याकडं लपवण्यासारखं काहीतरी आहे, एवढं पक्कं समजा. खऱ्याला प्रश्नांची भीती नसते."

"खरं हाय," दाराशी बसलेली सकुबाई म्हणाली, आणि दर्शनाकडं वळून तिनं दटावलं, "ऐकलंस ना गो? आता गोळी घे. डॉक्टर बोललाय, येळ चुकवायची नाय."