दाराबाहेर टांगलेली डबी

जुनी आहे मी, पण मोडकी नाही. हे आधी ऐकून ठेवा, मित्रांनो. मी हवा मोजणारी डबी. कारखान्यात माझ्या छातीवर आकड्यांची काच बसवली आणि मला दवाखान्यातल्या एका खोलीत नेमलं.

एक रुग्ण घरी गेला की ती खोली बंद करून यंत्र हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतं. जंतू मरतात. पुढे त्या वाफेचं पाणी आणि प्राणवायू होऊन जातो, पण लगेच नाही. तोवर आत गेलं तर डोळे चुरचुरतात, छाती आवळते. वास म्हणाल तर नसल्यासारखाच; नाकाच्या भरवशावर राहाल तर फसाल. म्हणून माझा आकडा एकाच्या खाली उतरेपर्यंत दार उघडायचं नाही. कौतुक मात्र यंत्राचं. मी वाफ असेतो ओरडायची, तर मला नाव पडलं 'कटकटी'.

शेजारच्या रुग्णांची झोपमोड होते म्हणून सफाईच्या मावशींनी मला दाराबाहेर टांगलं. मी गप्प झाले. सगळ्यांना वाटलं, सुधारली. अहो, मी बाहेरची हवा मोजत होते आणि ही शहाणी माणसं तो आकडा आतला समजत होती. सांगणार कशी? जीव नुसता खालीवर.

एके दिवशी दम्याच्या आजोबांना चाकांच्या खाटेवरून आणलं. आत वाफ नुकतीच थांबलेली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

"शून्य आहे. घ्या आजोबांना आत."

मावशींनी दार उघडलं. वाफेचा झोत माझ्यापर्यंत आला, आकडा सरसर चढला आणि मी किंचाळले.

"बाहेर काढली तरी तोंड मिटत नाही का गं तुझं?" मावशी म्हणाल्या, आणि पुढचं बोलणं खोकल्यात अडकलं. डोळ्यांतून धारा लागल्या. सिस्टरनी एका हातानं खाट मागे ढकलली, दुसऱ्यानं मावशींना ओढलं आणि दार लावलं.

"दमेकरी मी," आजोबा म्हणाले, "आणि खोकताय तुम्ही."

मावशींनी डोळ्यांवर पाणी मारलं, दार किलकिलं करून मला आत सरकवलं. हवा बाहेर फेकणारा पंखा फिरत राहिला, मी ओरडत राहिले. अजून किती वेळ, म्हणून आजोबांनी भुणभुण लावली.

"ती आपणहून गप्प होईपर्यंत," मावशी म्हणाल्या.

झाले गप्प एकदाची. आजोबा आत आले, सावकाश श्वास घेऊ लागले. माझी धाकधूक मात्र गेलेली नाही. उद्या पुन्हा कुणाचे तरी कान किटतील. मित्रांनो, खरं सांगणारीला बाहेर काढलं की शांतता होते. हवा साफ होत नाही.