भिंतीबद्दल विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. माझी पानं पिवळी पडली आहेत, शिवणही सैल झाली आहे. पण त्याची मला लाज नाही. मला लाज वाटते ती माझ्या एका पानाची.

मला एका बाइंडरने शिवलं आणि सगळे ज्यांना काका म्हणत, त्यांनी विकत घेतलं. काका लँडस्केप आर्किटेक्ट होते, म्हणजे बागा, शाळांची मैदानं आणि उतारावरच्या वाटा आखणारे. गावात या पेशातली आठ माणसं होती आणि प्रत्येक जण आपापल्या कचेरीत एकटाच चुकत होता. काकांनी ठरवलं, की एक वही सगळ्यांकडे फिरवायची. ज्याला जे अडेल ते त्याने लिहायचं, बाकीच्यांनी खाली उत्तर द्यायचं आणि तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांनी एकत्र बसायचं.

पहिली चूक काकांनी स्वतःचीच लिहिली. त्यांनी पायवाटेला खेटून मोठी होणारी झाडं लावली होती. मुळांनी फरशा उचकटल्या आणि नऊ झाडं तोडावी लागली. ते वाचून इतरांची भीड चेपली. एका बाईंनी लिहिलं, की माझ्या मैदानातली घसरगुंडी दुपारी इतकी तापते, की मुलं बसतच नाहीत. दुसऱ्याने घसरगुंडीवर सावली कशी आणायची ते चित्र काढून दाखवलं. मी या हातातून त्या हातात फिरत होते, अंगावर चहाचे डाग मिरवत होते. त्या दिवसांत मी खरंच कामाची होते.

मग त्यांच्यातल्या एकाला मोठं बक्षीस मिळालं. ते सदा टोपी घालत, म्हणून सगळे त्यांना टोपीवाले म्हणत. त्यांनी माझ्यात आपल्या बागेचे फोटो चिकटवले. खाली सगळ्यांनी 'वा!' लिहिलं. हळूहळू चुका आटल्या आणि नुसते फोटो उरले. मी जाडजूड झाले. सांगायला जड जातं, पण मला ते आवडलं होतं.

त्याच सुमारास एक तरुण मुलगी या मंडळात आली; वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. तिने नुकतीच स्वतःची कचेरी थाटली होती आणि एका रुग्णालयामागच्या उतारावर ती बाग करत होती. तिने लिहिलं, 'माती धरून ठेवायला भिंत बांधते आहे. मागचं पाणी निघून जायला भिंतीत भोकं किती अंतरावर ठेवू? कंत्राटदार म्हणतो, गरजच नाही.'

टोपीवाल्यांनी खाली लिहिलं, 'हे पहिल्या वर्षाला शिकवतात.' पुढच्या दोघांनी हसरी तोंडं काढली, बाकीच्यांनी पान उलटलं. काका तेव्हा आजारी होते, त्यांच्या घरी मी पोचलेच नाही. मी परत आल्यावर धाकटीने ते वाचलं आणि मला मिटून ठेवलं. तिने पुन्हा कुणालाच विचारलं नाही. भिंत भोकांशिवाय उभी राहिली.

पुढे चार दिवस पावसाची झड लागली. पाणी पिऊन फुगलेली माती भिंतीसकट खाली आली. तिथे रोपं सावरत बसलेल्या माळीदादांचा पाय दगडांखाली सापडला.

पुढच्या बैठकीला काकाही काठी टेकत आले. धाकटीने दोष कुणावर ढकलला नाही. भिंत माझी, चूक माझी, एवढंच ती म्हणाली. काकांनी मला उघडलं आणि ते पान शांतपणे वाचून दाखवलं, हसऱ्या तोंडांसकट. कुणी मान वर करेना. माझी पानं फाटून गेली असती तर बरं, असं मला वाटलं.

काकांनी टोपीवाल्यांना विचारलं, "उत्तर का नाही दिलंस?"

टोपीवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते म्हणाले, "मला ते येत नव्हतं. माझ्या भिंती इंजिनिअर बघतात. आपलं अज्ञान उघडं पडेल, म्हणून मीच आधी हसलो."

नवी भिंत धाकटीने आणि टोपीवाल्यांनी मिळून, इंजिनिअरला विचारून बांधली. तिला भोकं आहेत. दोघं माळीदादांना भेटायलाही गेले. माळीदादांनी रागाचा एक शब्द काढला नाही, आणि तेच दोघांना सोसवेना. त्यांचा पाय मात्र पुन्हा सरळ पडला नाही.

मित्रांनो, तुमच्यात कुणी साधा प्रश्न विचारला, तर त्याला जपा. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल, तर 'मलाही येत नाही' एवढं तरी म्हणा. धाकटीला तेवढंही पुरलं असतं. तिने आणखी कुणाला तरी विचारलं असतं.