श्वास घेणारं मढं

सुताराच्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्याच्या पोरानं सिनेमा काढला. लग्नासाठी भाड्यानं आणलेली गाडी परत द्यायच्या आत पोरानं तिच्यातच पोलिसांचा पाठलाग उरकून घेतला. बोनेटवरचा हार काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. एकूण कारभार असा. नट घरचे, चोरीला जाणारं कपाट बापानं ठोकलेलं, आणि त्या कपाटात निघणारं मढंही बापच.

आता सगळी भिस्त थिएटरच्या मालकावर होती. नवा सिनेमा तो कधी खुर्चीत बसून बघत नसे. दाराशी, दिव्यांच्या बटणावर बोट ठेवून उभा राहायचा. पटलं नाही की खट्. एकदा दिवे लागले की सिनेमा निकालात. मग कुणी पाया पडो की डोकं आपटो, पुन्हा अंधार होत नसे.

रिकाम्या हॉलमध्ये सुतार पोराशेजारी बसला. डोळे पडद्यावर, कान दाराकडे.

"बाबा, मागे बघू नका," पोरगा कुजबुजला.

"कुठे बघतोय? मान आखडलीय."

हार घातलेली पोलिसांची गाडी भरधाव गेली. खट् झालं नाही. गाणं आलं, विहिरीतून आल्यासारखं. मागे मालकाच्या चपला चुळबुळल्या. सुतार खुर्चीत खाली सरकला. आता त्याचं मढं येणार होतं, आणि त्यातली खोट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. शूटिंगला त्याला श्वास रोखून धरवला नव्हता. जिना चढताना लागणारी धाप त्यानं घरात कुणाला सांगितली नव्हती, मग तेव्हा तरी कुठून सांगणार? पोराच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसलंही नव्हतं.

इथला पडदा भिंतीएवढा. कपाटाचं दार उघडलं, दोघे चोर किंचाळले आणि लगेच वाटणीवरून भांडायला लागले. मधे मढ्याचं पोट भात्यासारखं वर-खाली.

खट्.

दिवे लागले. पोरगा उठून मागे वळला.

"हे मढं श्वास घेतंय," मालक म्हणाला.

"कापतो, काका. तो सीनच काढून टाकतो."

सुतार उठला. "ते मढं मी आहे. चूक माझी. माझ्या पोटापायी पोराचा सिनेमा बुडवू नका."

मालकानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. "म्हणजे जिवंत आहात!" आणि त्याला जे हसू फुटलं, ते आवरेचना. "अरे, सगळ्या थिएटरला दिसतंय मढं जिवंत आहे, आणि हे दोन गाढव त्याच्यासमोर वाटण्या करतायत! ह्याला कात्री लावलीस तर तंगडं मोडीन. कापायचं तर ते गाणं काप. आवाज पुन्हा भर, निम्मं बोलणं कळत नाही. पाठलाग लांबलाय, पण हार राहू दे. चोरांची तोंडं झकास चालतात. आता शेवट बघू."

आणि त्या थिएटरात पहिल्यांदाच, लागलेले दिवे पुन्हा मालवले गेले.

"शेवट आधीच कळतो," संपल्यावर मालक म्हणाला. "पण शुक्रवारी लावतो. दुपारचा खेळ." मग सुताराकडे वळून, "एवढं बेमालूम जमवलंत कसं?"

"जमवलं कुठे? आपोआप झालं."

पुढे रस्त्यात पोरं ओरडायची, "काय मढोबा, श्वास चालू आहे ना?" सुतार पोट फुगवून दाखवायचा, आणि कोपऱ्यावर वळला की भिंतीला धरून उभा राहायचा.

सुतार गेला तेव्हा शेवटचं बघायला आलेला मालक खाटेशी उभा राहून त्या पोटाकडे बराच वेळ बघत होता. सुतार वारला तो सिनेमाच्या पुढच्याच वर्षी, लेकीची लेक पालथी पडायला लागली त्या महिन्यात.