हलका हात

"डोळा साफ करणार की नाही, ते एकदाचं सांग!"

लोहार खुर्चीतून उठायला तयार नव्हता. दाढी झाली होती, न्हाव्याने गळ्यातलं फडकं झटकून खांद्यावर टाकलं होतं, तरी गडी मान मागे टाकून तसाच बसलेला.

"नाही करणार. ते काम मी सोडलंय."

"सोडलंय म्हणे! ऐन मळणीत? सगळ्या गावाच्या डोळ्यांत भुसा चाललाय आणि हा निघाला संन्यास घ्यायला!"

पाळी धरून बसलेली माणसं हसली. न्हाव्याला हसू आलं नाही. तो वस्तरा पुसत राहिला.

कोरडा वारा सुटला होता. खळ्यावरचा कोंडा आणि रस्त्यावरची माती एकत्र होऊन माणसांच्या तोंडावर येत होती. अशा दिवसांत दाढी झाली की न्हावी गिऱ्हाइकाची पापणी उलटायचा आणि आतली घाण पात्याने हलकेच पुसून काढायचा. बापाकडून आलेली ही रीत. परक्या माणसाला नुसतं बघूनच घाम फुटावा, पण गावकऱ्यांना खुर्चीतच डुलकी लागायची. त्या हाताचा न्हाव्याला भारी अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बायकोचा डावा डोळा पांढरा पडला, म्हणून तो तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला होता. पापणी आत वळली होती आणि केस बुबुळावर घासत होते. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून न्हाव्याला विचारलं, "डोळ्याला घरी काय करता?"

"मी स्वतः साफ करतो की," न्हाव्याने छाती काढून सांगितलं. "गिऱ्हाइकं आटोपली की शेवटी हिचे."

"त्याच वस्तऱ्याने?"

"त्याच. पाण्यात बुडवून घेतो."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. एकाच्या डोळ्यातला रोग पात्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. पापणी आतून खरवडून खरवडून आकसते. "डावा गेला, बाबा. उजव्याची सूज उतरली की पापणी सरळ करून देते. तोवर पातं लावू नका. लावलंत तर तोही हातचा जाईल."

परत येताना बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या हो?"

"थेंब घाल म्हणाल्या. आणि सध्या डोळा साफ करायचा नाही."

"का?"

"डॉक्टरांचं असतं काहीतरी."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. पण तुझा डोळा मीच घालवला, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हापासून रोज सकाळी तिचं सुरू व्हायचं. "अहो, वाळू भरल्यासारखं टोचतंय. एकदाच करा ना!" आणि तो पेटी उचलून चालता व्हायचा. मागून तिचं ऐकू यायचं, "लोकांना तुमचा हात, आणि मला पाठ!"

आजही तसंच झालं होतं. लोहार शिव्या घालत उठून गेला आणि दिवस कलल्यावर न्हावी घरी आला. दारात बायको सुपात धान्य निवडत बसली होती. किती दिवसांनी तिचा चेहरा हसरा दिसत होता. धाकटा भाऊ रांजणाजवळ वस्तरा धूत होता. न्हाव्याने त्याचं शिकणं संपल्यावर स्वतःच्या हाताने दिलेला वस्तरा.

न्हाव्याने पेटी तिथेच टाकली. "काय केलंस रे?"

"वहिनीचे हाल बघवेनात, दादा. खळ्यावरच्या गड्यांचे डोळे करून येतच होतो, म्हटलं यांचाही डोळा करून टाकू."

"अरे, तुला कुणी सांगितलं होतं!"

"करू नको असं तरी कुठे सांगितलं होतंस?"

न्हावी उंबऱ्यावर बसला.

"भावोजींवर ओरडू नका," बायको म्हणाली. "बघा तरी, किती मोकळं वाटतंय. अगदी तुमच्यासारखाच हलका हात आहे त्यांचा."

तो उठला, कोनाड्यातली बाटली आणली आणि तिची हनुवटी वर केली. उजवा डोळा लालबुंद झाला होता आणि तरी त्याच्याकडे बघून हसत होता. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाशी.

"इश्श!" ती म्हणाली. "आज काय झालंय तुमच्या हाताला?"